ड्रोन आता धुऊ नका

कराडचे एक वाचक लिहितात: कृष्णाकाठच्या उपसा सिंचन संस्थांच्या जॅकवेल (नदीचं पाणी पंपाने उचलण्यासाठी बांधलेल्या खोल विहिरी) आणि इतर विहिरी मी पाण्याखालच्या ड्रोनने तपासून देतो. ड्रोन पावणेतीन लाखांचा. मालवणला एक काम मिळालं म्हणून पहिल्यांदाच समुद्रात उतरवला. परत आल्यावर चार दिवस तसाच पेटीत राहिला. पेटी उघडली तर कॅमेऱ्याच्या काचेआड पाण्याचे थेंब. खाऱ्या पाण्यातून काढल्यावर गोड्या पाण्याने धुतला नाही, एवढं एकच कारण देऊन कंपनीने वॉरंटी नाकारली. दीड वर्ष मेल चालू आहेत. आता काय करू?

महागडं यंत्र आणि न पाळलेली सूचना, अशी पत्रं वरचेवर येतात. ग्राहक आयोग म्हणजे काय, अर्ज कसा भरायचा, हे इथे पुन्हा लिहीत नाही. तुमचं सगळं प्रकरण वॉरंटी कार्डातल्या एका ओळीवर उभं आहे. तुम्ही पाठवलेल्या फोटोत ती अशी आहे: ‘वापरानंतर स्वच्छता न केल्यामुळे झालेला बिघाड वॉरंटीत येत नाही.’

धुतलं नाही म्हणजे वॉरंटीच संपली, असा अर्थ कंपनी लावते आहे. या ओळीत तसं काही नाही. न धुतल्यामुळे जे बिघडलं तेवढंच ती वगळते. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. ते थ्रस्टरच्या (ड्रोनला पाण्यात ढकलणाऱ्या पंख्यांच्या मोटरींच्या) शाफ्टवर, चार्जिंगच्या पिनांवर, केबलच्या जोडावर वाळून बसतात, हवेतला ओलावा ओढत राहतात आणि धातू खातात. म्हणून पोर्टचं झाकण घट्ट लावून ड्रोन गोड्या पाण्याच्या टबात बुडवून ठेवायचा, पंखे थोडा वेळ त्यातच फिरवायचे, केबलही धुवायची आणि सगळं पूर्ण सुकल्यावरच चार्जिंग लावायचं. हे माहितीपुस्तिकेत होतं. एवढा पैसा घालणाऱ्या माणसाने ते वाचायला हवं होतं. थ्रस्टर गंजून जाम झाले असतील तर तो खर्च मागू नका.

पण काचेआडचं पाणी वेगळं. कोरड्या पेटीत पडलेल्या ड्रोनमध्ये पाणी शिरत नाही. ते समुद्रातच शिरलं, म्हणजे धुण्याची वेळ येण्याआधीच. तोवर तो फक्त नदी-विहिरीत चालला असेल, तर आधीच्या मिठाने पाणी अडवणारं सील खाल्लं असंही म्हणता येत नाही. तुमची बाजू इथे भक्कम आहे.

कंपनी मग दुसरीकडे वळेल. बॅटरीचं किंवा मेमरी कार्डाचं झाकण तुम्ही उघडलंत आणि ओ-रिंगवर (झाकणाखालच्या, पाणी अडवणाऱ्या रबरी कड्यावर) वाळूचा कण किंवा केस राहिला, असं म्हणेल. तसं निघालं तर तुमचा दावा जवळपास संपला. जॅकवेलच्या गाळात काम करणाऱ्याच्या बाबतीत ते अशक्यही नाही. नकाराच्या पत्रात नसलेली कारणं विमा कंपनीला नंतर पुढे करता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे. वॉरंटीच्या वादात आयोग तेच तत्त्व लावेल, अशी खात्री मी देणार नाही.

म्हणून पाणी नेमकं कुठून शिरलं, याचा निकाल तपासणीतूनच लागेल. आता ड्रोन धुऊ नका, पुसू नका, ओळखीच्या मेकॅनिककडे उघडायला देऊ नका. चार्जिंग लावू नका. समुद्राचं पाणी लागलेली लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते. ती बाहेरून निघत असेल तर काढतानाचा सलग व्हिडिओ करा आणि घराबाहेर, पेटणाऱ्या वस्तूंपासून लांब ठेवा. झाकणांचे जवळून फोटो काढा आणि पेटी सील करा.

ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 38 नुसार आयोग वस्तू सीलबंद करून योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. अहवालाला कायद्याने 45 दिवस दिले आहेत. शुल्क बहुधा तुम्हाला भरावं लागेल. तपासणी लागणारी तक्रार पाच महिन्यांत निकाली काढावी, असंही कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात, आणि तेवढ्या काळात तुमचा पुरावा पेटीत गंजत राहतो. याची मला खरोखर चीड येते. तेव्हा तपासणीचा स्वतंत्र अर्ज तक्रारीसोबत पहिल्याच दिवशी द्या. कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाचं नाव सुचवून पाहा. चालेल का, ते आयोग ठरवील.

आणि मेल थांबवा. कलम 69 प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, आणि पत्रव्यवहार चालू ठेवल्याने ती वाढत नाही. कंपनी तुमचे मेल शांतपणे वाचते आहे ती याच भरवशावर. उशीर माफ होऊ शकतो, पण ‘मी मेल करत होतो’ हे कारण तोकडं पडतं. मुदत नकाराच्या मेलपासून न मोजता पाणी दिसलं त्या दिवसापासून मोजा, म्हणजे वाद उरत नाही.

बाकी थोडक्यात. ड्रोन बेंगळुरूहून मागवला असला तरी तुम्ही राहता त्या सातारा जिल्ह्याच्या आयोगात तक्रार चालते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचं शुल्क नाही. ‘व्यावसायिक वापर’ हा आक्षेप येणारच. स्वतः राबून पोट भरण्यासाठी यंत्र घेतलं असेल तर कायदा तुम्हाला ग्राहक मानतो. मात्र बिल फर्मच्या नावावर असेल किंवा ड्रोन पगारी माणूस चालवत असेल, तर ते सोपं राहत नाही. बिल पाहिल्याशिवाय त्यावर जास्त बोलत नाही. बिल, नकाराचा मेल आणि मालवणच्या कामाचा पाण्याखालचा व्हिडिओ घेऊन याच आठवड्यात वकील गाठा. त्या व्हिडिओत काच कधी धुरकट झाली ते दिसत असेल, तर मूळ फाइल कॉपी न करता मेमरी कार्डासकट जपून ठेवा. मात्र कार्ड सीलबंद झाकणाआड असेल तर त्यासाठीही ड्रोन उघडू नका.