कॉफी मशीन रुसलंय? आधी पावडर बघा

प्रश्न : एस्प्रेसो मशीन घेऊन दोन-तीन महिने झाले. घरात सासऱ्यांसाठी फिल्टर कॉफीची पावडर असतेच, तीच वापरतो. पण कॉफी थेंब थेंब येते, कधी कधी नुसता पंप घुं घुं करत बसतो. दुकानदार म्हणतो मशीन पाठवून द्या. पाठवू का? (एक वाचक, नाशिक)

थांबा, एवढ्यात पाठवू नका. आधी त्या पावडरचं पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचा. बहुतेक चिकोरी (भाजलेल्या मुळांची पूड) निघेल, आपल्याकडे मिक्श्चरमध्ये ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी चालते आणि किती आहे ते पाकिटावर छापावं लागतं. स्टीलच्या फिल्टरमध्ये रात्रभर डिकॉक्शन उतरवायला ती पावडर उत्तमच, सासऱ्यांची कॉफी बंद करू नका! पण चिकोरी कॉफीपेक्षा कितीतरी जास्त विरघळते, ओली झाली की चिकट लगदा होतो, तो दाबून बसवला की पाणी जाणार कुठून?

आता बास्केट, म्हणजे हँडलमधली पावडर भरायची जाळीची वाटी, काढून उजेडात धरा. आतून बारीक भोकांची जाळी आणि बाहेरून बघितलं तर तळाला एकच टाचणीएवढं भोक असेल तर ती डबल वॉल बास्केट, आणि बुजलंय ते हेच भोक. गरम पाण्यात अर्धा तास ठेवा, बारीक सुईने मोकळं करा, मग पावडर न घालता नुसतं पाणी सोडून बघा. पाणी धो धो आलं तर मशीन ठणठणीत आहे.

पुढे शंभर टक्के कॉफीच घ्या, चिकमगळूर-कुर्गच्या ताज्या रोस्टच्या बिया आता ऑनलाइन सगळीकडे मिळतात. फक्त मिक्सरमध्ये दळू नका, त्यात अर्धी धूळ आणि अर्धे तुकडे होतात, धूळ भोकं बुजवते आणि तुकड्यांमधून पाणी नुसतं पळतं. बर ग्राइंडर (दोन दातेरी चकत्यांमध्ये एकसारखं दळणारा) घ्या, हाताने फिरवायचा असला तरी चालेल, पण एस्प्रेसोइतकं बारीक दळतो का ते विचारून घ्या. साधारण हिशोब असा, १८ ग्रॅम पावडरीतून ३६ ग्रॅम कॉफी २५ ते ३० सेकंदात. बास्केट लहान असेल तर पावडर कमी घ्या, प्रमाण तेच ठेवा. दहा सेकंदात सगळं खाली आलं तर अजून बारीक दळा, मिनिटभर रेंगाळलं तर जाड. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, दळण पण बदललं, वजन पण बदललं, दाब पण बदलला की मग कशाने काय झालं ते कळतच नाही.

प्रश्न : हँडलच्या बाजूने पाणी गळतं, कपापेक्षा ट्रेमध्येच जास्त. (ठाणे)

गॅस्केट, म्हणजे मशीनमध्ये हँडल अडकतं तिथली रबरी रिंग. कुकरच्या रिंगसारखंच काम आहे ते, कडक झालं की गळणार. पण नवीन मागवण्याआधी जुन्या टूथब्रशने वरची कड घासून काढा, तिथे पावडरीचा थर बसलेला असतो. बास्केट काठोकाठ भरत असाल तरी हँडल नीट बसत नाही. एवढं करूनही गळलं तर रिंग बदला, मॉडेल नंबर बघूनच घ्या.

प्रश्न : आमच्याकडे बोअरचं पाणी. आता स्टीम फुसकी येते, दुधाला फेसच नाही. (छत्रपती संभाजीनगर)

दोन कारणं असू शकतात, सोपं आधी बघू. स्टीमच्या नळीच्या टोकाला दूध वाळून भोक बंद झालं असेल, मशीन बंद करून गार होऊ द्या आणि पिनेने साफ करा. दूध झालं की लगेच ओल्या फडक्याने नळी पुसायची आणि क्षणभर स्टीम मोकळी सोडायची, ही सवय लावाच.

तरी फुसकीच राहिली तर आत क्षार बसलेत, बोअरचं पाणी म्हणजे ते होणारच. मॅन्युअलमध्ये चालतं म्हटलं असेल तर लिटरभर पाण्यात साधारण २० ग्रॅम सायट्रिक ॲसिड टाका, अर्धं पाणी ग्रुप (हँडल बसतं तो भाग) आणि स्टीमच्या नळीतून सोडा, वीस मिनिटं थांबा, उरलेलं सोडा, मग साध्या पाण्याच्या दोन टाक्या फिरवा. व्हिनेगर नको, वास जाता जात नाही. यापुढे फिल्टरचं पाणी घाला, पण आरओचं टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) अगदीच खाली ठेवू नका, कॉफी सपक लागते आणि काही मशीनच्या सेन्सरला टाकीत पाणी असूनही ते दिसत नाही.

प्रश्न : पंधरा बारचं मशीन आहे, तरी वर क्रेमा (तो सोनेरी फेस) का येत नाही? (पुणे)

पंधरा हा पंपाच्या दाबाचा आकडा, जाहिरातीत मोठा छापायचा. एस्प्रेसोला साधारण नऊ पुरतात. क्रेमा येतो बियांमधल्या कार्बन डायऑक्साइडमुळे, सहा महिन्यांपूर्वी भाजलेल्या बियांमध्ये तो उरलेलाच नसतो. रोस्टची तारीख नसलेलं पाकीट घेऊच नका.

प्रश्न : सुट्टीत महिनाभर गावी होतो. आता पंप जोरात वाजतो, पण पाण्याचा थेंब नाही. (कोल्हापूर)

पंपात हवा अडकली असणार. टाकी काढून पुन्हा दाबून बसवा, गरम पाण्याचा किंवा स्टीमचा नॉब पूर्ण उघडा आणि पंप थोडा थोडा चालवा, आधी फुरफुरेल, मग धार येईल. दोन-तीनदा करूनही नाही आलं तर बंद करा, कोरडा पंप जास्त चालवला की जळतो. आता मात्र सर्व्हिसवाल्याला बोलवा.