हलकी पुली बसवण्याआधी

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतची यादी नीट वाचली. हलकी क्रँक पुली (क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, पुढच्या टोकावरची), हलकं फ्लायव्हील (त्याच दांड्याच्या मागच्या टोकावरचं जड चाक), फोर्ज्ड म्हणजे दाबून घडवलेले पिस्टन, आणि पुढे जमलं तर हलके कनेक्टिंग रॉड (पिस्टन क्रँकला जोडणारे). छोट्या गाडीचं इंजिन चटकन उठावं, गिअर टाकताना आळस करू नये, ही तुझी इच्छा मला कळते आणि आवडतेही. पण यादीतल्या पहिल्याच वस्तूची मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते. 'स्वस्त आणि सोपी' म्हणून तू ती पहिली ठेवली आहेस. म्हणून आधी तिच्याबद्दल, आणि जरा सविस्तर लिहितो.

गाडीच्या क्रँक पुलीकडे टॉर्च लावून बारकाईने बघ. मधला हब आणि बाहेरची जड कडी यांच्यामध्ये रबराची पातळ काळी रिंग दिसते का? दिसत असेल तर ती नुसती पट्टा फिरवणारी पुली नाही, ती डॅम्पर आहे. तिचं वजन तिथे मुद्दाम ठेवलेलं आहे. प्रत्येक सिलिंडर पेटला की क्रँकशाफ्टला एक हिसका बसतो. चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्यात असे दोन हिसके, म्हणजे 6000 आरपीएमला (मिनिटाला 6000 फेरे) सेकंदाला 200. प्रत्येक हिसक्याने शाफ्ट केसभर पिळला जातो आणि परत सुटतो. या हिसक्यांच्या दुप्पट-तिप्पट गतीची कंपनंही सोबत असतातच. त्यातलं एखादं शाफ्टच्या नैसर्गिक कंपनाशी जुळलं की पीळ वाढत जातो. तो वाढू नये म्हणून रबरावर बसवलेली ती जड कडी उलट डोलते आणि कंपनाची ताकद रबरात उष्णता होऊन जिरते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सहा सिलिंडरच्या लांब क्रँकशाफ्ट याच पिळापायी तुटत असत. त्यावर डॅम्परचा उपाय काढणाऱ्यांत फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याचं नाव पहिलं घेतलं जातं. शंभरावर वर्षं टिकलेली ही वस्तू आहे आणि तू तिच्या जागी अ‍ॅल्युमिनियमची एकसंध चकती लावायला निघाला आहेस.

लावल्यावर लगेच काहीही होणार नाही. खरा धोका इथेच आहे. गाडी पहिल्या दिवशी थोडी हलकी वाटेल, सगळे तारीफ करतील, आणि पिळाचं कंपन इंजिनच्या आवाजात किंवा स्टिअरिंगवर तुला जाणवणारही नाही. बऱ्याच छोट्या इंजिनांत ऑइल पंप थेट क्रँकच्या पुढच्या टोकावर बसलेला असतो आणि त्याचे गिअर धातूची पावडर दाबून केलेले असतात. रोजच्या कामाला ते पुरेसे मजबूत असतात, पण सततचे उलटसुलट हिसके त्यांना सोसत नाहीत. जास्त आरपीएमवर एक दिवस गिअरला तडा जातो, ऑइलचं प्रेशर शून्यावर येतं आणि काही सेकंदांत बेअरिंग जळतात. इंजिन खोलल्यावर दिसतं की पंप फुटला आहे, बेअरिंग गेली आहेत, आणि हलकी पुली मात्र जशीच्या तशी चकाकते आहे. मग सगळे पंपाला नावं ठेवतात. बाजारातल्या हलक्या भागांबद्दल मला तुला मुख्यतः हेच सांगायचं आहे: बसवलेला भाग क्वचित मोडतो, बहुतेक वेळा त्याच्या शेजारचा मोडतो. म्हणून 'माझी पुली इतकी वर्षं टिकली' या कुणाच्या सांगण्यावरून इंजिनच्या तब्येतीचा अंदाज बांधू नकोस.

काही छोट्या इंजिनांना कंपनीच एकसंध लोखंडी पुली देते, कारण आखूड क्रँकशाफ्ट मुळातच ताठ असतो. तुझ्या गाडीत तशी असेल तर वरचा धोका बराच कमी होतो. तरीही दोन गोष्टी उरतात. पहिली म्हणजे मधला बोल्ट. काही इंजिनांत क्रँकवरचं टायमिंग गिअर (वॉल्व्हच्या उघडझापेची वेळ राखणारं) चावीने, म्हणजे खाचेत बसणाऱ्या धातूच्या पट्टीने, अडकवलेलं नसतं. पुली, गिअर आणि क्रँक यांना तो एकच बोल्ट घट्ट दाबून धरतो आणि सगळा भार त्या घर्षणावर असतो. पुलीच्या हबची जाडी थोडी कमी असली किंवा धातू मऊ असला तर दाब हळूहळू सैल पडतो, गिअर सरकतं, टायमिंग चुकतं आणि वॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. दुसरी म्हणजे ऑइल सील. सीलचा ओठ बऱ्याचदा पुलीच्या हबवरच घासतो. मूळ हब कडक पोलादाचा किंवा बिडाचा असतो, तर मऊ अ‍ॅल्युमिनियमवर त्या ओठाने खाच पडते. आधी इंजिनच्या पुढच्या बाजूला ओलसर धूळ चिकटलेली दिसते, पुढे ऑइल टपकू लागतं. आणि पुली व्यासानेही लहान असेल तर अल्टरनेटर आणि पट्ट्यावर चालणारा वॉटर पंप दोन्ही हळू फिरतात. रात्री, गर्दीत, एसी चालू असताना बॅटरी उतरणं आणि इंजिन तापणं या तक्रारी मग आपोआप येतात.

आता फ्लायव्हील. इथे फायदा खरा आहे. पण तो कुठे मिळतो ते मोजून बघ, ऐकीव बोलण्यावर जाऊ नकोस. धरून चाल की 8 किलोचं फ्लायव्हील काढून 5 किलोचं बसवलं, त्याचं वजन मध्यापासून सरासरी 10 सेंटिमीटरवर आहे आणि टायरची त्रिज्या 28 सेंटिमीटर. पहिल्या गिअरमध्ये एकूण गुणोत्तर 14 च्या आसपास असेल तर गाडी सुमारे 75 किलोने हलकी झाल्यासारखी उचलते. चौथ्यात गुणोत्तर 4 झालं की हाच फायदा जेमतेम 6 किलोंचा राहतो. गुणोत्तराचा वर्ग होतो ना, म्हणून एवढा फरक. म्हणजे सिग्नलवरून सुटताना मजा, आणि हायवेवर ओव्हरटेक करताना जवळपास काही नाही. इंजिनची ताकद तर एका अश्वशक्तीनेही वाढत नाही. डायनोच्या (ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या) कागदावर वाढलेली दिसली तर तो डायनो रोलरला वेग देऊन मोजणारा आहे का ते विचार. इंजिनला स्वतःचे भाग फिरवायला कमी ताकद लागली की ती रोलरवर दिसते. एकाच आरपीएमवर स्थिर धरून मोजलं की ती वाढ नाहीशी होते.

बदल्यात काय जातं तेही बघ. दोन हिसक्यांमधल्या काळात क्रँकला फिरतं ठेवणं हे फ्लायव्हीलचं काम. तीन सिलिंडरच्या इंजिनात हिसके आधीच दूरदूर असतात, एका फेऱ्यात दीडच. त्यामुळे वजन कमी केल्याचा त्रास तिथे जास्त जाणवतो: आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू असताना) थरथर, एसीचा कॉम्प्रेसर जोडला गेला की आरपीएम खाली येणं, चढावर क्लच सोडताना इंजिन बंद पडणं. तुझ्या गाडीत ड्युअल मास (दोन भागांचं) फ्लायव्हील असेल तर विषय आणखी गंभीर. त्याच्या पोटातल्या स्प्रिंगा गिअरबॉक्सपर्यंत जाणारे हिसके गिळतात. त्या जागी एकसंध हलकं फ्लायव्हील लावलं की तेच हिसके गिअरबॉक्सच्या दात्यांवर आणि बेअरिंगांवर जातात. न्यूट्रलमध्ये खडखड ऐकू येते, क्लच दाबला की ती थांबते. हा आवाज 'स्पोर्टी' आहे असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. गिअरबॉक्स मार खातो आहे.

फोर्डच्या 1.0 लिटर, तीन सिलिंडरच्या इकोबूस्ट इंजिनात अभियंत्यांनी बॅलन्स शाफ्ट (थरथर मारणारा जादा दांडा) न घालता फ्लायव्हील आणि पुढची पुली मुद्दाम असंतुलित ठेवली होती, इंजिनचं स्वतःचं डोलणं त्या असंतुलनामुळे आटोक्यात यावं म्हणून. अशा इंजिनावर कुणी 'अगदी परफेक्ट बॅलन्स केलेली' हलकी पुली चढवली तर तो बिघाड विकत घेतो. कंपनीने वजन कुठे, किती आणि का ठेवलं हे बाहेरून पाहून कळत नाही, ते आधी शोधावं लागतं.

ईसीयूही, म्हणजे इंजिनचा संगणकही, विसरू नकोस. मिसफायर (सिलिंडर न पेटणं) ओळखायला तो क्रँकच्या गतीतले बारीक चढउतार वाचतो. फ्लायव्हील हलकं झालं की हे चढउतार वाढतात आणि काही गाड्यांत इंजिन सगळं ठीक असूनही चेक इंजिनचा दिवा लागतो. मग लोक तो इशाराच ट्यूनमधून बंद करून घेतात. हे मात्र कधीही करू नकोस. पुढे खरोखर प्लग किंवा कॉइल गेली तर न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो आतून वितळेल आणि तुला पत्ताही लागणार नाही.

आणि एक कळकळीची विनंती: मूळ बिडाचं फ्लायव्हील लेथवर उतरवून हलकं करून घेऊ नकोस, कुणी कितीही चांगला कारागीर असला तरी. बीड ओढीला कमजोर असतं. त्यात चुकीच्या जागी धार राहिली तर तिथून तडा सुरू होतो, आणि फिरणारं फ्लायव्हील फुटलं तर तुकडे बेलहाउसिंग (फ्लायव्हील आणि क्लचवरचं कवच) फोडून थेट पायांकडे येतात. रेसिंगच्या जगात फ्लायव्हील आणि क्लचसाठी एसएफआय या संस्थेच्या 1.1 सारखी सुरक्षेची मानकं उगीच नाही आली.

पिस्टनबद्दल थोडक्यात. फोर्ज्ड पिस्टन बहुधा 2618 किंवा 4032 मिश्रधातूचे असतात. 2618 मध्ये सिलिकॉन नगण्य असतं, तो चिवट असतो पण तापल्यावर जास्त फुगतो, म्हणून बोअरमध्ये (सिलिंडरच्या पोकळीत) जास्त गॅप ठेवावी लागते. थंड इंजिन सुरू केलं की पिस्टन टकटक वाजतो, ऑइल जास्त खातं, आणि रोजच्या दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत तो कधी नीट तापतच नाही. 4032 मध्ये सिलिकॉन साधारण 12 टक्के असल्याने गॅप कमी चालते. बिनटर्बोच्या छोट्या इंजिनला बहुतेक वेळा दोन्हींची गरज नसते.

रॉडचं गणित मात्र करून बघ. पिस्टन, पिन, रिंग आणि रॉडचा वरचा भाग मिळून 400 ग्रॅम आणि स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) 80 मिलिमीटर धर. 6000 आरपीएमला पिस्टन वरच्या टोकाला थांबून वळताना रॉडला 800 किलोहून जास्त वजन टांगल्याइतकी ओढ बसते. ही ओढ आरपीएमच्या वर्गाने वाढते, म्हणजे 7000 ला 36 टक्के जास्त. समजा तू पिस्टनचा संच 15 टक्क्यांनी हलका केलास आणि 'आता इंजिन मोकळं झालं' म्हणून आरपीएमची लिमिट 7000 वर नेलीस. तरी रॉडवर आणि त्याच्या बोल्टांवर ओढ आधीपेक्षा 16 टक्के जास्तच. हलक्या भागांनी वाचवलेली ताकद माणूस लगेच आरपीएममध्ये खर्च करून टाकतो, आणि रॉडचे बोल्ट बिचारे जुनेच असतात.

अ‍ॅल्युमिनियमचे रॉड तर रस्त्याच्या गाडीत नकोच. ठरावीक मर्यादेखालचा ताण पोलाद जवळजवळ कितीही वेळा सोसतं, अ‍ॅल्युमिनियमला तशी मर्यादा नाही. ताण कमी असला तरी फेऱ्या साठत गेल्या की ते थकतं. 1 लाख किलोमीटर म्हणजे ताशी 40 च्या सरासरीने 2500 तास, आणि सरासरी 2000 आरपीएम धरले तर 30 कोटी फेरे. ड्रॅग रेसवाले असे रॉड वापरतात, पण ते इंजिन सारखं उघडतात आणि रॉड मुदत संपली की फेकून देतात. त्यांच्या भागावर छापलेलं 'रेस प्रूव्हन' खोटं नसतं, फक्त ते वेगळ्या आयुष्याबद्दल असतं. हलका भाग वाईटच असतो असंही नाही. 1990 च्या होंडा एनएसएक्समध्ये टायटॅनियमचे कनेक्टिंग रॉड होते आणि ते इंजिन 8000 पर्यंत फिरायचं. पण तिथे क्रँक, बेअरिंग, वॉल्व्ह स्प्रिंग, ऑइलिंग असं सगळं त्याच हिशोबाने एकत्र आखलं होतं. तू मात्र एकच तुकडा बदलून बाकी सगळं जुन्या हिशोबावर सोडतो आहेस.

तर माझा सल्ला असा. डॅम्पर पुलीला हात लावू नकोस, पिस्टन आणि रॉड यादीतून काढ. फ्लायव्हीलचा मोह सुटतच नसेल तर मूळचं एकसंध असेल तरच विचार कर. एका पोलादी तुकड्यातून कोरलेलं, मूळ वजनाच्या तीन-चतुर्थांशाच्या आसपासचं, बॅलन्सिंगचा कागद असलेलं घे. क्रँक सेन्सर त्याच्या दात्यांवरून वाचत असेल तर दातांची संख्या आणि गाळलेल्या दाताची जागा जुन्याशी ताडून बघ. बोल्ट नवेच घे, कारण ताणून बसवायचे बोल्ट दुसऱ्यांदा वापरायचे नसतात. त्यानंतरच्या पहिल्या दोन ऑइल बदलांना फिल्टर कापून त्याची घडी उन्हात उघडून बघ. सोनेरी-चंदेरी चमक दिसली तर गाडी तिथेच थांबव.

खर्च करायचाच असेल तर आधी चाकं हलकी कर, टायर चांगले घे, ब्रेक नवे कर. तिथला प्रत्येक किलो प्रत्येक गिअरमध्ये जाणवतो आणि इंजिनच्या आत काही बिघडवत नाही.

सध्याच्या पुलीचं एक काम याच आठवड्यात करून घे. हबपासून रबरावरून बाहेरच्या कडीपर्यंत पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढ, महिनाभर गाडी चालव आणि परत बघ. रेघ तुटून पुढेमागे सरकलेली असेल तर रबर सुटलं आहे. मग पुली बदलायचीच, पण मूळ कंपनीची आणि डॅम्परवालीच. रेघ ओढलीस की फोटो पाठव, आणि पुलीवर छापलेला पार्ट नंबर दिसेल असा काढ.

तुझा,
काका