रात्रभर हीटर लावून झोपू नका, माझा एक साप तसाच गेला

तुमची पोस्ट वाचली. जुळे सोलापूर, वरच्या मजल्यावरची दहा बाय दहाची खोली, पहाटे 17 डिग्री, तीन बॉल पायथन (आफ्रिकेतले छोटे अजगर), त्यातल्या मोठ्यानं अठरा दिवस काही खाल्लं नाही, आणि आता दोन रॉडचा हीटर आणलाय तो रात्रभर चालू ठेवू का असं विचारलंय. रात्रीचे साडेअकरा वाजलेत पण उद्यावर ढकलत नाही, कारण तुम्ही तो आज रात्रीच लावाल. नका लावू. एक जाड चादर खिडकीला लावा, दार बंद करा आणि झोपा. 17 डिग्रीत एका रात्रीत काही होत नाही. रोजच तसं राहिलं तर छाती धरते, नाकातून बुडबुडे येतात, तोंड उघडून श्वास घेतो, हे खरं आहे, पण त्यावर इलाज करायला तुमच्या हातात दिवस असतात. खोली 40 ला गेली तर तास पण नसतात.

टबमध्ये, म्हणजे साप ठेवायच्या डब्यात, एक बाजू गरम (हॉट साइड), दुसरी गार (कूल साइड), लपायला जागा, पाणी हे तुम्हाला माहीतच असणार, त्यात जात नाही. मी डॉक्टर नाही आणि इलेक्ट्रिशियन पण नाही. नऊ वर्षं साप सांभाळतोय, तेवढ्या अनुभवावर सांगतोय, वायरिंगचं मात्र जाणकाराला दाखवून घ्या.

माझं काय झालं ते सांगतो. 2023 चा जानेवारी, सोलापूरच्या गड्डा यात्रेचे दिवस, घरात पाहुणे. माझी पण खोली वरच, स्लॅबखाली, तुमच्यासारखीच. दोन कॉर्न स्नेक (अमेरिकेतले बिनविषारी साप) आणि एक बॉल पायथन, तीन टब एकावर एक रॅकमध्ये. मी रॉडचा नाही तर ऑइलचा हीटर घेतला होता, 2000 वॅटचा, त्याला एसटीसी-1000 कंट्रोलर (सेन्सरवरचं तापमान बघून हीटर चालू-बंद करणारा) जोडला, 27 ला सेट केला आणि सेन्सर भिंतीला सेलोटेपनं चिकटवला. भिंतीला जुना डिस्टेंपर, हात लावला तरी पावडर येते असला. रात्री कधीतरी टेप सुटली आणि सेन्सर खाली फरशीवर पडला. थंडीत आपल्याकडं फरशी कशी गार पडते तुम्हाला माहीत आहे. कंट्रोलरला वाटलं खोली 19 वरच आहे, म्हणून तो हीटर चालूच ठेवत गेला, रात्री दहापासून सकाळी सातपर्यंत.

सकाळी दार उघडलं तर भट्टीसारखी झळ अंगावर आली. वरच्या टबजवळ एक छोटा डिजिटल मीटर होता, त्याचं मॅक्सचं बटण दाबलं, 41.3. वरच्या टबमधला कॉर्न स्नेक पाण्याच्या भांड्यात अर्धा शिरून, तोंड कडेला टेकवून मेला होता. पाणी हाताला कोमट लागत होतं. मधल्याचा जीव वाचला. खालचा बॉल पायथन ढिला पडला होता, उचलला तर हाताला पकडच नाही. म्हणजे एकाच खोलीत वरच्या आणि खालच्या टबमध्ये पाच-सहा डिग्रीचा फरक. गरम हवा वर जाते हे शाळेत शिकलेलं, पण सेन्सर लावताना डोक्यात आलं नाही.

आता यातली खरी चूक कुठली ते नीट वाचा, कारण मी सेन्सर-सेन्सर करत महिनाभर चुकीच्या गोष्टीला दोष देत बसलो होतो. सेन्सर पडणारच कधीतरी. साप ओढतो, उंदीर वायर कुरतडतो, टेप सुटते. कंट्रोलरच्या आतला रिले, म्हणजे चालू-बंद करणारा स्विच, पण चिकटतो आणि चालूच राहतो. त्याची ताकद 10 अँपिअर, आणि 2000 वॅट म्हणजे 230 व्होल्टवर जवळपास पावणेनऊ अँपिअर, म्हणजे रोज काठावरच चालवत होतो मी. खरी चूक दुसरीच होती. कंट्रोलर आहेच म्हणून मी हीटरचा स्वतःचा नॉब फुल्ल फिरवून ठेवला होता. त्या नॉबमध्येच एक थर्मोस्टॅट असतो की, तो जागेवर असता तर सेन्सर पडला तरी हीटर आपोआप कट झाला असता. माझ्याकडं दोन ब्रेक होते आणि त्यातला एक मी स्वतःच्या हातानं काढून ठेवला.

त्यामुळं आता माझा नियम असा, आणि यावर कुणी कितीही वाद घाला मी बदलणार नाही: सगळं बिघडून हीटर रात्रभर चालूच राहिला तरी साप मरणार नाही, एवढ्याच ताकदीचा हीटर लावायचा. तुमच्या खोलीसाठी 2000 नाही, ऑइल हीटरचं सगळ्यात खालचं बटण, साधारण 800 ते 1000 वॅट, बास. आधी एक रात्र साप दुसऱ्या खोलीत ठेवून रिकाम्या खोलीत तेवढ्यावर सलग चालवून बघा, सकाळी वरच्या टबच्या उंचीला 32 च्या वर गेलं असेल तर तो हीटर त्या खोलीला जास्त आहे. मग नॉब लावायचा. फुल्ल करा, खोली 28 ला येऊ द्या, आता नॉब हळूहळू मागे फिरवा, कट्ट आवाज येतो तिथं थांबा आणि पेनानं खूण करा. कंट्रोलर त्याच्या खाली, 26 वर. सेन्सर सगळ्यात वरच्या टबच्या उंचीला, टेपनं नाही, स्क्रू आणि केबल टायनं रॅकलाच बांधायचा.

पण खरं सांगू का, तीन सापांसाठी मी खोली गरम करायच्या भानगडीतच पडणार नाही. सोलापूरला खरा गारठा असतो किती, डिसेंबर-जानेवारीतल्या थोड्या रात्री. प्रत्येक टबच्या एका टोकाला, एक तृतीयांश भागाखाली हीट मॅट (विजेवर गरम होणारी पातळ चटई) द्या, सेन्सर मॅट आणि टबच्या मधे, आणि आतल्या बाजूला 31-32 येतंय का ते वेगळ्या मीटरनं बघा. थर्मोस्टॅटशिवाय मॅट लावायची नाही म्हणजे नाही. पोट भाजलं तरी साप बऱ्याचदा तिथून हलत नाही. आणि मॅट 15-20 वॅटची, लाईट गेली तरी घरच्या इन्व्हर्टरवर चालते. हीटर चालत नाही.

रॉडच्या हीटरचं म्हणाल तर तो माणसानं समोर बसून शेकायचा आहे, झोपून विसरायचा नाही. बऱ्याच स्वस्त मॉडेलला थर्मोस्टॅट नसतो, लाल उजेड रात्रभर सापाच्या डोळ्यावर, आणि पहाटे लाईट जाऊन परत आली की तो कुणी नसताना परत पेटतो. चादरीचं टोक त्यावर पडलं तर सापाबरोबर घर पण जाईल. ब्लोअर हवा इतकी कोरडी करतो की कात तुकड्या-तुकड्यात निघते आणि डोळ्यावरची तशीच राहते. कोळशाची शेगडी बंद खोलीत अजिबात नको, त्यातून निघणारा विषारी गॅस तुम्हालाही मारेल. ऑइल हीटर घेतलात तर 16 अँपिअरच्या पॉवर पॉइंटलाच, एक्स्टेंशन बोर्डवर नाही. माझा प्लग काढला तेव्हा एक पिन तपकिरी झालेली होती, म्हणजे ते पण पेटायच्या बेतात होतं.

त्या सकाळचं अजून एक सांगायचं राहिलं. पायथनला घेऊन मी इथल्याच एका जनावरांच्या दवाखान्यात गेलो. गेटवरच अडवलं, साप आत आणू नका म्हणाले. डबा बाहेर फूटपाथवर ठेवायला लावला, उन्हात. डॉक्टर बाहेर आलेच नाहीत, आतून निरोप, आम्ही साप बघत नाही, वनखात्याला द्या. मी परदेशी जात, नोंदणी वगैरे सांगत राहिलो, कुणी ऐकून घेतलं नाही. सापावर इलाज येत नसेल तर ठीक, पण सावलीत ठेवू द्यायला आणि कुणाकडं जायचं तेवढं सांगायला काय लागतं? तासभर तिथं गेला. शेवटी गाडी काढली आणि पुण्याला, अडीचशे किलोमीटर. तिथल्या डॉक्टरांनी सलाईन दिलं, तो जगला, आजही आहे. म्हणून सांगतो, साप बघणाऱ्या डॉक्टरचा नंबर आजच शोधून ठेवा, गरज पडल्यावर शोधू नका.

कागदाचं पण तेवढंच. बॉल पायथन सायटीसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट दोनमध्ये आहे, 2024 च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते, तुमची झालेली असेल असं धरतो. आणि जे वाचतायत त्यांना, आपल्याकडचा अजगर, मांडूळ, धामण, नाग घरात ठेवणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, मला मेसेज करून त्यांच्या हीटरचं विचारू नका.

मोठ्याच्या न खाण्याचं एवढं टेन्शन घेऊ नका. थंडीत बॉल पायथन आठवडेच्या आठवडे खात नाहीत. किचनच्या काट्यावर दर रविवारी वजन करा, ते टिकून असेल तर थांबा. थंड खोलीत जबरदस्तीनं खायला घालाल तर पोटात पचायच्या आधी सडतं आणि तो उलटी करतो, आणि मग निदान दोन आठवडे काहीच द्यायचं नाही. आधी हॉट साइड 31 ला स्थिर करा, चार दिवस जाऊ द्या, मग द्या.

उन्हाळ्याचं वेगळं लिहीन कधीतरी. मे महिन्यात 43-44 ला ती वरची खोली याच्यापेक्षा जास्त त्रास देणार आहे, तेव्हा जमलं तर फेब्रुवारी संपायच्या आत रॅक खालच्या मजल्यावर घ्या.

आत्ता तिन्ही टबची लांबी-रुंदी आणि खोलीतल्या सॉकेटचा फोटो टाका. रॉडचा हीटर दुकानदार परत घेत असेल तर उद्याच देऊन या आणि त्याच पैशात मॅट आणि थर्मोस्टॅट बघा. किती वॅटची मॅट घ्यायची ते टबचं माप बघून सांगतो.