मेल्याचं कळलं आणि हसू आलं

प्रश्न : ताई, नऊ वर्षांपूर्वी आमच्या साहेबांनी स्वतःची चूक माझ्यावर ढकलली. चौकशीत मी दोषी ठरले, बढती गेली. ते मात्र हारतुरे घेऊन निवृत्त झाले. परवा ते वारल्याचा निरोप आला आणि मी चक्क हसले. दिवसभर गुणगुणत होते. नवरा म्हणाला, ‘मरणान्तानि वैराणि, आता तरी सोड.’ माझं चुकलं का?
— एक वाचक

उत्तर : हसू काय ठरवून येतं? माझ्याही आयुष्यात असा एक माणूस होता. तो गेल्याचं कळलं तेव्हा बातमी पक्की आहे ना, हे मी आधी दोघांना विचारून घेतलं! आनंद मात्र संध्याकाळपर्यंतही पुरला नाही. त्याला सुनवायचं म्हणून वर्षानुवर्षं घोटलेलं वाक्य माझ्याकडेच राहिलं.

यजमानांनी ऐकवलेलं वचन वाल्मीकि रामायणातलं, युद्धकांडातलं. रावण पडलाय आणि त्याचे अंत्यसंस्कार करायला नाखूश कोण, तर सख्खा भाऊ बिभीषण. तेव्हा राम हे म्हणतो. ज्याची बायको पळवली होती, तो म्हणतो. वैर ज्याचं, संपलं म्हणायचा हक्कही त्याचाच. काठावरच्यांनी सुनवायचं ते वाक्य नव्हे. (यजमानांनी रागावू नये.) शिवाय लोक पुढचे शब्द गाळतात : ‘निर्वृत्तं नः प्रयोजनम्’, आपलं काम झालं. तुमचं कुठे झालंय? ठपका आहे तिथेच आहे.

जल्लोषाचं निराळं. मे २०११ मध्ये बिन लादेन मारला गेला, त्या रात्री व्हाइट हाउससमोर लोक झेंडे नाचवत होते. माणसाच्या मरणाने ख्रिस्ती माणूस कधी आनंदत नाही, असं व्हॅटिकनच्या प्रवक्त्यांनी लगेच म्हटलं. पण २००१ च्या हल्ल्यात ज्यांच्या घरचं माणूस गेलं, त्यांना हे सांगायला माझी जीभ रेटली नसती. हौसेने नाचायला आलेल्यांना सांगितलं असतं.

शोकसभेला जाऊ नका, खोटं बोलावं लागेल. ऑफिसच्या ग्रुपवर टोमणाही टाकू नका. तो फिरत फिरत त्यांच्या मुलांपर्यंत जातो, आणि मुलांनी तुमचं काही बिघडवलेलं नाही. त्यापेक्षा चौकशीचे कागद काढा, फेरविचाराचा अर्ज लिहा. नऊ वर्षांनी दाद लागेलच असं नाही. पण तेव्हा गप्प बसलेल्या सहकाऱ्यांना एकदा विचारून पाहा. ज्यांची भीती होती, ते तर आता नाहीत.