बेळगाव भागात कुस्तीसाठी पडद्यामागे राबणाऱ्यांना कुठला पुरस्कार मिळतो का?

मोठे पुरस्कार बहुतेक खेळाडूंचेच. कर्नाटक सरकारचा एकलव्य खेळाडूंना, क्रीडारत्न कुस्ती, कबड्डी, खो-खोसारख्या ग्रामीण खेळांतल्यांना. प्रशिक्षकांसाठी केंद्राचा द्रोणाचार्य आहे, १९८५ पासून. पण गावच्या तालमीतला वस्ताद तिथवर क्वचितच पोचतो.

आणि वस्तादाच्याही मागे किती माणसं असतात! आमच्या तालमीत एक काका पहाटे येऊन लाल माती फावड्याने उकरायचे, तेल, ताक, हळद, लिंबू घालून मळायचे, खडा लागला तर वेचून बाहेर टाकायचे. पोरं यायच्या आत आखाडा लोण्यासारखा मऊ. पगार नाही, की कुठे नाव नाही.

म्हणून मला वाटतं, सरकारची वाट न बघता यात्रा कमिटीनेच दरवर्षी हा मान द्यावा. शेवटची कुस्ती लागण्याआधी, मैदान गच्च भरलेलं असताना, हलगीच्या ठेक्यावर त्या माणसाला आखाड्यात बोलवा. फेटा, शाल, श्रीफळ पुरे. निवड मात्र पुढाऱ्यांवर सोडू नका, जुन्या पैलवानांना विचारा. माती कोण मळतं, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.