नेट सुसाट, पण कॉल लागत नाही: परदेशातून आलेल्या फोनचं नेमकं दुखणं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बहिणीने परदेशातून अनलॉक्ड फोन पाठवला, त्यात तुम्ही राहता तिथलं सिम घातलं, इंटरनेट मस्त चालतंय, ओटीपीही येतायत, पण कॉल लावला की दोन-तीन सेकंदांत कट होतो. फोन खराब निघाला का, परत पाठवू का?

परत पाठवायची घाई करू नका. फोन बहुतेक ठणठणीत आहे. आधी एक करून बघा. स्क्रीनच्या वरच्या पट्टीत ४जी लिहिलेलं दिसतं, तिकडे डोळे लावून कॉल करा. नंबर लावल्या लावल्या ४जी जाऊन ३जी, एच किंवा ई (३जी-२जीच्याच खुणा) उमटलं, किंवा रेंजच्या कांड्याच गायब झाल्या, तर रोग सापडला. तुमच्या फोनला तुमच्या ऑपरेटरचं व्होल्टी, म्हणजे ४जीवरून कॉल करायची सोय, मिळत नाहीये.

झालंय असं. २जी आणि ३जीमध्ये बोलण्यासाठी वेगळी वाट होती. ४जी आलं ते निव्वळ डेटाचं जाळं म्हणून, त्यात ती वाट ठेवलीच नाही. मग सुरुवातीला कंपन्यांनी जुगाड केला: नेट ४जीवर चालवायचं, आणि कॉल आला की फोनने खाली ३जी-२जीवर उतरायचं, बोलणं उरकायचं आणि परत वर यायचं. खालच्या मजल्यावरच्या फोनवर बोलून आल्यासारखं. आता कित्येक देशांत तो खालचा मजलाच पाडून टाकलाय. अमेरिकेत एटी अँड टीने फेब्रुवारी २०२२मध्ये ३जी बंद केलं. ऑस्ट्रेलियात टेल्स्ट्रा आणि ऑप्टसने ऑक्टोबर २०२४च्या अखेरीस तेच केलं. भारतातलं जिओ तर २०१६ साली सुरू झालं तेच फक्त ४जीवर, त्याला खालचा मजला कधी नव्हताच.

व्होल्टी म्हणजे बोलणंसुद्धा ४जीवर, डेटाच्या रूपात. मग नेट चालतंय तर हे का चालू नये? मलाही हाच प्रश्न पडला होता. उत्तर असं की या कॉलसाठी फोनला ऑपरेटरच्या एका वेगळ्या यंत्रणेत, म्हणजे आयएमएसमध्ये, आपली नोंद करावी लागते. ती नोंद कशी करायची याची सेटिंग्ज दर ऑपरेटरची निराळी, आणि ती फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये आधीच भरलेली असावी लागतात. सिम घातलं की फोन त्या सिमच्या ओळख क्रमांकातले पहिले पाच-सहा आकडे वाचतो. त्यातले पहिले तीन देशाचे, पुढचे ऑपरेटरचे. मग आपल्या यादीत तो ऑपरेटर आहे का हे बघतो. असला तर व्होल्टी सुरू, नसला तर फोन गप्प. म्हणजे अगदी तोच फोन, तेच हार्डवेअर, पण तो दुसऱ्या बाजारासाठी बनलेला असल्यामुळे तुमच्या ऑपरेटरचं नावच त्याच्या वहीत नाही.

कधी अडवणूक उलट्या बाजूनेही होते. आयएमईआय म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक. त्याच्या १५ आकड्यांपैकी पहिल्या आठांवरून फोन कुठल्या मॉडेलचा ते कळतं. काही ऑपरेटर आपण तपासून पास केलेल्या मॉडेलांनाच कॉल देतात. अशा ठिकाणी तुम्ही सेटिंगमध्ये कितीही खटपट केली तरी हाती काही लागत नाही.

तुमच्या बाकीच्या लक्षणांचाही उलगडा यातूनच होतो. व्हॉट्सअॅप कॉल लागतो, कारण तो साधा डेटा. एसएमएसला ४जीवर यायला व्होल्टीवाचून दुसरा रस्ता असू शकतो, म्हणून ओटीपी येतात. वायफाय कॉलिंग मात्र त्याच आयएमएसच्या दारातून जातं, त्यामुळे ‘घरात वायफायवरून लावून बघ’ हा सल्ला सहसा फुकट जातो. आणि तुम्हाला फोन करणाऱ्यांना ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर’ ऐकू येत असेल, तुम्ही मोबाइल हातात घेऊन बसलेले असताना.

आता करायचं काय? पहिलं म्हणजे सॉफ्टवेअर अपडेट, कंटाळवाणं वाटलं तरी. ऑपरेटरची नवी यादी बऱ्याचदा त्यातूनच येते. मग सिमच्या सेटिंगमध्ये व्होल्टी किंवा ‘४जी कॉलिंग’ नावाचं बटण आहे का बघा. अँड्रॉइड असेल तर डायलरमध्ये *#*#४६३६#*#* दाबा. बऱ्याच फोनांत एक आडबाजूचा मेन्यू उघडतो, त्यात फोनच्या माहितीखाली आयएमएसची स्थिती कळते. तिथे ‘नॉट रजिस्टर्ड’ दिसलं की शंकाच उरली नाही. शाओमीच्या फोनांत *#*#८६५८३#*#* दाबलं की ऑपरेटर तपासण्याची अट उठते आणि व्होल्टीचं बटण उगवतं. माझ्या भावाचा फोन असाच मार्गी लागला, पण हे नशिबावर आहे. आयफोनला हा त्रास कमी, कारण तो सिम बघून ऑपरेटरची सेटिंग्ज नंतर उतरवून घेतो. गूगलच्या पिक्सेल फोनचं उलट: जिथे तो अधिकृतपणे विकला जात नाही तिथे ही रड हमखास ऐकू येते. शेवटचा आणि खरं तर सगळ्यात सोपा उपाय: दुसऱ्या ऑपरेटरचं सिम मागून घालून बघा. यादीत एक नसला तरी दुसरा असू शकतो.

‘अनलॉक्ड होता’ असं तुम्ही दोनदा लिहिलंय, म्हणून त्याबद्दलही. अनलॉक म्हणजे इतकंच की फोन कुठल्याही कंपनीचं सिम नाकारणार नाही. कॉल लागतील असं त्यात कुठेही म्हटलेलं नसतं. कॅनडात १ डिसेंबर २०१७पासून, ब्रिटनमध्ये डिसेंबर २०२१पासून आणि जपानमध्ये ऑक्टोबर २०२१पासून ऑपरेटरना लॉक केलेले नवे फोन विकायला बंदी आहे. अमेरिकेत हप्त्यावर घेतलेले फोन अजूनही लॉक असतात. आयफोनमध्ये सेटिंग्जच्या ‘अबाउट’मध्ये ‘कॅरिअर लॉक’समोर ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ लिहिलेलं असलं की निर्धास्त व्हायचं.

हे मी ठासून सांगतोय कारण एकदा फसलोय. परदेशातून आलेला एक वापरलेला फोन घेतला होता, विकणारा म्हणाला अनलॉक आहे. सिम घालून दाखवलं, कॉलही लागला. दोन महिन्यांनी अपडेट केलं आणि ‘सिम चालत नाही’ असा संदेश आला. ट्रे बाहेर काढला तर तो जरा घासून येतोय असं वाटलं. सिम नखाने उचललं, आणि त्याच्या खाली कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ, सोनेरी ठिपक्यांची एक चकती चिकटवलेली! ती चकती फोनला भासवायची की हे त्याच्या मूळ कंपनीचंच सिम आहे. अपडेटने ते सोंग उघडं पाडलं. तेव्हापासून मी वापरलेला फोन घेताना सगळ्यात आधी ट्रे बाहेर काढून सिमखाली बघतो, कॅमेरा वगैरे नंतर.

बँडचं, म्हणजे फोन ज्या फ्रिक्वेन्सींवर नेटवर्क पकडतो त्या पट्ट्यांचं, प्रकरण तुमच्या बाबतीत नाही असं दिसतंय, तरी एक खूण सांगून ठेवतो: बाहेर पूर्ण रेंज आणि घरात शिरलं की शून्य. कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी भिंतीतून जास्त चांगल्या शिरतात, आणि नेमक्या त्याच जागोजागी वेगळ्या आहेत. युरोपात ८०० मेगाहर्ट्झचा बँड २०, अमेरिकेत ७००चे १२ आणि १३ आणि ६००चा ७१, आशिया-पॅसिफिकमधल्या अनेक देशांत ७००चा २८. चीनच्या बाजारासाठी बनलेल्या बऱ्याच फोनांत बँड २० नसायचा, युरोपात ते घेणाऱ्यांनी यापायी खूप डोकं धरलंय. हे सॉफ्टवेअरने सुधारत नाही. म्हणून घेताना फोनचं नाव बघून भागत नाही. डब्यावरचा पूर्ण मॉडेल नंबर बघायचा, शेवटच्या अक्षरासकट. एकाच नावाच्या फोनचे चार बाजारांसाठी चार अवतार असतात. सिमची खाच असेलच असंही धरून चालू नका: अमेरिकेत विकले जाणारे आयफोन १४पासून पुढचे सगळे फक्त ई-सिमवाले, म्हणजे त्यांत सिम घालायला जागाच नाही.

काही देशांत अजून एक अडथळा असतो, तो म्हणजे आयएमईआय नोंदणी. तुर्कस्तानात बाहेरून आणलेला फोन तिथल्या सिमवर १२० दिवस बिनबोभाट चालतो. तोवर शुल्क भरून नोंदवला नाही तर बंद. पाकिस्तान, इंडोनेशियातही असे नियम आहेत. तुमच्याकडे तसं काही आहे का हे नियामकाच्या संकेतस्थळावर आत्ताच बघून घ्या. *#०६# दाबलं की आयएमईआय समोर येतो. दोन सिमचा फोन असेल तर दोन येतील, दोन्ही लिहून ठेवा.

आणि यातलं काहीच लागू पडलं नाही, तर हा फोन नेटसाठी ठेवा आणि नेहमीचं सिम जुन्या फोनमध्येच राहू द्या. घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या हाती एकटाच हा फोन देऊ नका. ऑस्ट्रेलियाने ३जी बंद करताना असे काही फोन शोधून काढले, जे रोजचे कॉल ४जीवर करायचे पण आपत्कालीन नंबर लावला की ३जी शोधायला जायचे. ज्यांच्यावरून ०००ला (तिथला आपत्कालीन नंबर) कॉल लागणार नाही असे फोन नेटवर्कवर घ्यायचेच नाहीत, असा नियम तिथे करावा लागला. त्यात परदेशातून आणलेले फोनही बाद झाले, नेट व्यवस्थित चालत असूनसुद्धा.