रिकामी पुंगळी डायमध्ये का अडकते आणि अडकली तर कशी काढायची?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. अमेरिकेतला तुमचा भाचा नेमबाजीसाठी रायफलची काडतुसं घरी भरतो, त्याची एक पुंगळी, म्हणजे काडतुसाचं रिकामं पितळी कवच, डायमध्ये, म्हणजे पुंगळी मापात आणायच्या पोलादी साच्यात, अडकून बसली. ती काढायची कशी आणि पुढे वंगण कोणतं लावायचं, ही एक. दुसरी, तुमच्या वावरात डुकरं आणि रोही रात्री धुमाकूळ घालतात, घरी परवान्याची बारा बोअर बंदूक आहे, काडतुसं महाग पडतात, तर भाच्याकडे आहे तसंच काडतूस भरायचं मशीन (प्रेस) मागवून गावात भरता येतील का. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण तिथे चूक झाली तर घर उद्ध्वस्त होतं.

भरता येणार नाहीत. तुमचा परवाना बंदूक बाळगायचा आणि ठरलेल्या मर्यादेत काडतुसं विकत घ्यायचा आहे, तयार करायचा नाही. दारूगोळा तयार करायला शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ खाली वेगळा परवाना लागतो. तो नसताना केलं तर कलम २५ लागतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यात किमान सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप आहे. बारूद घरात ठेवली म्हणून स्फोटकांचा कायदा लागतो तो निराळाच. अमेरिकेत स्वतःच्या वापरापुरती काडतुसं भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही, म्हणून भाचा ते उघडपणे करतो. त्याचं बघून आपल्या ओसरीवर प्रेस बसवू नका. डुकरावर किंवा रोह्यावर गोळी झाडायलाही वनखात्याची परवानगी लागते, काडतूस दुकानातलं असलं तरी. आणि पीक गेलं असेल तर लगेच वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज देऊन पंचनामा करून घ्या. सातबारा आणि फोटो सोबत ठेवा. लोक पंचनाम्याआधीच वावर साफ करून टाकतात आणि भरपाईला मुकतात, याचं मला फार वाईट वाटतं.

आता भाच्याचं. मी विदर्भातल्या एका आयुध निर्माणीत प्रेस शॉपमध्ये नोकरी केली, आता वरोऱ्याकडे गावी शेती करतो. घरगुती प्रेस मी कधी चालवला नाही. पण पितळ पोलादाच्या डायमधून दाबून काढणं हे माझं रोजचं काम होतं, आणि धातूचं वागणं मोठ्या प्रेसवर आणि टेबलावरच्या प्रेसवर सारखंच असतं.

पुंगळीचं पितळ म्हणजे साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. गोळी सुटते तेव्हा आतल्या दाबाने पुंगळी फुगते, चेंबरच्या, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेच्या, भिंतीला चिकटते आणि दाब ओसरला की थोडी आत येते. पण पूर्वीइतकी नाही. ती पुन्हा मापात आणायला डायमध्ये दाबतात. हा फरक इंचाच्या काही हजाराव्या भागांचाच असतो, तरी सगळी पुंगळी एकाच वेळी दाबली जात असल्याने घर्षण प्रचंड होतं. वंगणाचा थर कुठे तुटला की पितळ थेट पोलादाला लागतं, त्याचा कण डायच्या भिंतीला चिकटतो, पुढचं पितळ त्या कणावर घासतं, आणि पुंगळी जागीच धरली जाते. भाच्याला सांगा, पुंगळी अडकली ती जोर कमी पडला म्हणून नाही, थर तुटला म्हणून.

त्यामुळे वंगण किती लावलं यापेक्षा कोणतं लावलं हे महत्त्वाचं. तुम्ही विचारलंय की खोबरेल किंवा इंजिन ऑइल चालेल का. नाही चालणार. पातळ तेल एवढ्या दाबाखाली बाजूला पळतं. बंडीच्या आखाला आपण पातळ तेल न लावता घट्ट वंगण भरतो, तोच हिशोब इथे. धातूला धरून राहणारा स्निग्ध पदार्थ हवा. कारखान्यात पितळाच्या चकतीचा कप आणि कपाची लांब नळी ओढताना साबणाचं पाणी वापरतात, कारण साबणाचा थर दाबाखालीही पितळाला धरून राहतो. घरी भरणारे बरेच लोक लॅनोलिन वापरतात, म्हणजे मेंढीच्या लोकरीतली चरबी. एक भाग लॅनोलिन आणि दहा-बारा भाग शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळून पुंगळ्यांवर फवारतात. ट्रे हलवून सगळ्या बाजूंनी लागू द्यायचं आणि मग काही मिनिटं थांबायचं. हे थांबणं फार गरजेचं आहे. अल्कोहोल फक्त वाहून न्यायला असतं, वंगण लॅनोलिन आहे. ओल्या पुंगळ्या घाईने डायमध्ये घातल्या तर आत अल्कोहोल जातं, आणि अल्कोहोलला वंगण म्हणून काही किंमत नाही. हाताने लावायचं मेणही चांगलं. बोटाच्या टोकावर जरासं घेऊन पुंगळीच्या अंगावर चोळायचं. वेळ लागतो, पण प्रत्येक पुंगळी हातातून जाते, तडा गेलेली असेल तर तिथेच दिसते. मला विचाराल तर नवशिक्याने मेणानेच सुरुवात करावी.

लावायचं कुठे, हे बरेच जण चुकवतात. सर्वांत जास्त दाब बुडाजवळच्या अंगावर येतो, कारण तिथे पितळ जाड असतं. वंगण तिथे हवं. बाटलीच्या आकाराच्या पुंगळीला खांदा आणि मान असते. खांद्यावर वंगण जमलं तर त्याला डायमध्ये जायला जागा उरत नाही, आणि पातळ पदार्थ दाबला जात नसल्याने तो पितळातच खड्डा पाडतो. डायला बाजूने हवा जायचं बारीक छिद्र असतं, ते तुंबलं तर हेच होतं. खांद्यावर खळगे दिसू लागले तर वंगण कमी करायचं आणि छिद्र साफ करायचं. मानेच्या आत मात्र थोडं लागतं, कारण परत येताना डायच्या मधल्या दांड्यावरचा गोळा मानेतून ओढला जातो. तिथे कोरडा ग्रॅफाइट किंवा अभ्रकाची पूड बारीक ब्रशने लावतात. ओढताना कर्रकर्र आवाज आला तर आत कोरडं आहे.

पुंगळी आधी स्वच्छ पुसलेली हवी. रेंजवरच्या मातीतला वाळूचा एक कण डायवर कायमची रेघ पाडतो आणि मग ती रेघ प्रत्येक पुंगळीवर उमटते. नवी डाय गंज लागू नये म्हणून लावलेल्या तेलासकट येते, ते धुऊन टाकायचं आणि पहिल्या काही पुंगळ्यांना हात सैल सोडून वंगण लावायचं. पिस्तुलाच्या सरळ पुंगळ्यांसाठी टंगस्टन कार्बाइडची डाय मिळते, तिच्यात वंगणाशिवाय चालतं. रायफलच्या बाटलीसारख्या पुंगळीला कार्बाइड असली तरी वंगण लागतंच. तुमच्या बारा बोअरचं काडतूस प्लास्टिकचं, फक्त बुडाला धातूचं आवरण, त्यामुळे या कटकटीचा त्याच्याशी संबंधच नाही.

प्रेसचा दांडा नेहमीपेक्षा जड वाटला की तिथेच थांबायचं आणि हळू मागे घ्यायचं. बहुतेक वेळा निघते. पुसून, पुन्हा वंगण लावून घालता येते. तिथे जोर लावला तर पुंगळी पूर्ण आत बसते आणि मागे ओढताना शेल होल्डर, म्हणजे तिचं बूड धरणारा भाग, तिची कड फाडतो. मग धरायला काही उरत नाही.

भाच्याचं तसंच झालंय, तर डाय प्रेसमधून काढायला सांगा. ठोकाठोकी नको, मधला दांडा वाकतो आणि पुंगळी निघत नाही. डाय तापवूही नये. पितळ पोलादाच्या दीडपटीहून जास्त फुगतं, म्हणजे तापवल्यावर ते अजून घट्ट बसेल, आणि फार तापली तर डायचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरेल. बुडातली जुनी टोपी, म्हणजे बारूद पेटवणारा छोटा भाग, निघालेली आहे ना, हे आधी पाहायचं. टोपी असेल तर पुढचं काहीच करू नये, ती डाय जाणकाराकडे द्यावी. टोपी निघालेली असेल तर आतला दांडा सैल करून शक्य तितका वर घ्यायचा, नाहीतर ड्रिल त्याच्यावर आदळेल. मग डोळ्यांना चष्मा लावून, टोपीच्या खळग्यातून बुडाला सुमारे ५.१ मिलिमीटरचं भोक सरळ पाडायचं. त्यात पाव इंची, इंचाला वीस आट्यांचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) मारायचा. डायच्या तोंडावर पुंगळीपेक्षा रुंद पोकळ कप ठेवायचा, वर जाड वॉशर, त्यातून बोल्ट पुंगळीत बसवायचा आणि पान्याने आवळत जायचं. बोल्टचं डोकं वॉशरवर टेकलेलं असल्याने पुंगळी वर ओढली जाते आणि एका क्षणी कट् करून सुटते. तिकडे अमेरिकेत या कामाचे तयार संचही विकत मिळतात. ती पुंगळी फेकून द्यायची. डायमध्ये पितळाची पिवळी रेघ राहिली असेल तर बारीक पॉलिशने काढायची, नाहीतर पुढचीही तिथेच अडकेल.

आकार झाल्यावर वंगण पूर्ण पुसायचं. टोपीत किंवा बारुदीत तेल गेलं तर काडतूस उडेलच याची खात्री नाही. बाहेर राहिलं तर धोका मोठा: कोरडी पुंगळी फुगल्यावर चेंबरची भिंत धरते आणि मागचा धक्का काही अंशी स्वतः झेलते. ओशट राहिलेली घसरते, आणि तो सगळा भार रायफलच्या बोल्टवर, म्हणजे चेंबर मागून बंद करणाऱ्या भागावर, येतो, म्हणजे नेमबाजाच्या गालापासून वीतभर अंतरावर. भाच्याला ही शेवटची गोष्ट फोनवर दोनदा सांगा.